मुंज्या, हडळ आणि नमुना नंबर दोन

मंडळी, गेल्या आठवड्यात टीव्हीवर 'मुंज्या' लागला आणि आमच्या गुहागरच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला. एक पार्टी म्हणते, "कोकण म्हणजे भुतांचं माहेरघर, हे सिनेमावाल्यांनी अजून किती वर्षं चालवायचं? इथे माणसंपण राहतात." दुसरी पार्टी म्हणते, "अहो, पण आहेतच ना? रात्री बाराला त्या पिंपळाखालच्या पाखाडीने एकटे उतरून दाखवा, मग बोला." मग कुणीतरी कंदिलाचा फोटो टाकला, कुणी हसणारे चेहरे टाकले, आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून काही जाईना, म्हणून ही पोस्ट. मोठी झालीय, सवडीने वाचा.

आधीच सांगतो, सिनेमा मला आवडला. ७ जून २०२४ ला आला तेव्हा त्यात कुणी मोठा स्टार नव्हता, तरी आदित्य सरपोतदारांच्या या सिनेमाने देशात शंभर कोटींच्या वर धंदा केला. का केला, तर भूत आपल्या ओळखीचं होतं. १९५२ सालचा गोट्या नावाचा पोरगा, वयाने मोठ्या मुलीवर जीव जडलेला. घरचे त्याची मुंज लावतात, त्यानंतर दहा दिवसांच्या आत तो मरतो आणि मुंज्या होऊन झाडाला चिकटतो. पुढे पुण्यात राहणाऱ्या बिट्टूला तो दिसायला लागतो. बाकी कुणाला दिसत नाही, कारण मुंज्या फक्त त्याच्या रक्ताच्या माणसालाच दिसतो.

ही शेवटची गोष्ट मला फार खरी वाटली. मेलेला माणूस फक्त घरच्यांना दिसतो, दुसऱ्यांना दिसत नाही. सिनेमात ते भीतीसाठी आहे. मी मात्र यावरच आयुष्यभर नोकरी केली.

जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे, मी आपल्या तालुक्यात ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. ग्रामसेवक म्हटलं की लोकांना घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले एवढंच आठवतं. पण गावपातळीवर जन्म-मृत्यूचा निबंधकही तोच असतो. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवायचा असतो, २१ दिवसांच्या आत. मृत्यूच्या कागदाला 'नमुना नंबर दोन' म्हणतात. तो भरायला मुलगा येतो, पुतण्या येतो, कधी शेजारी येतो. टोपी काढून समोर बसतो. मी एकेक रकाना विचारत जायचो. नाव. वय. कुठे वारले. मरणाआधी कसले उपचार मिळाले : दवाखान्यात, दवाखान्याबाहेर, की काहीच नाही. मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून दिलंय का. नसेल तर, आजार काय होता.

इथे माणूस थांबायचा.

"काय लिहू?" मी विचारायचो.

"लिवा काय ता. ताप लिवा."

"ताप किती दिवस होता?"

"ताप असा नव्हता. संध्याकाळी बरा होता. रात्री घाम सुटला, तोंडाला फेस आला, सकाळी गेला." मग जरा आवाज खाली आणून, "भाऊ, तुमाला म्हणून सांगतो. त्या माडाखाली त्याने संध्याकाळचा हात घातलेला. तिथे आहे."

काय आहे, हे तो सांगायचा नाही. आणि सरकारी कागदात 'तिथे आहे' असं लिहायला रकाना नव्हता.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडच्या भुतांची एक मोठी छापील यादी कशी झाली, ती गोष्टपण सिनेमासारखीच आहे. ए. एम. टी. जॅक्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याला लोकांच्या समजुती गोळा करायचा नाद. त्याने प्रश्नावली काढून शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली : तुमच्या गावात कुठली भुतं मानतात, ती कुणाची होतात, उपाय काय करतात. हाच जॅक्सन पुढे नाशिकचा कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ ला 'संगीत शारदा' नाटकाच्या प्रयोगाला गेला आणि तिथे अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे आपल्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या आयनीचे. जॅक्सनच्या मागे राहिलेले कागद एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावून छापले. कोकणचा भाग १९१५ ला निघाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या मास्तरांनी पाठवलेली उत्तरं आहेत (तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो १९८१ ला झाला).

त्या यादीतली नावं तुम्हाला पाठ असतील. पण त्यापुढे काय लिहिलंय ते बघा. मुंजा : मुंज झालेला, सोडमुंज न झालेला ब्राह्मणाचा मुलगा. गिऱ्हा : पाण्यात बुडून मेलेला किंवा खून झालेला. जखीण : नवरा जिवंत असताना गेलेली बाई. लावसट : विधवा होऊन गेलेली. हडळ : बाळंतपणात, किंवा बाळंत झाल्यावर दहा दिवसांच्या आत गेलेली. समंध : ज्याच्या मागे वारस नाही. आणि खवीस, देवचार, चेडा यांना चक्क जात-धर्म होता. कोण कुठल्या जातीचा, लग्न झालेला की बिनलग्नाचा, यावरून मेल्यावर भूत कुठलं व्हायचं हे ठरायचं. जिवंतपणी गावात जशी वाटणी, तशीच मेल्यावर पिंपळावर आणि माडावर.

मी ती यादी वाचली आणि मला भीती वाटली नाही. मला माझं रजिस्टर दिसलं. वय, लिंग, जात, लग्न झालेलं की नाही, कशाने मेला. ज्या काळात कारण लिहायला कागद नव्हता, त्या काळात लोकांनी भुतांची नावं ठेवून नोंद केलीय. पोरवयात मरणारे मुलगे एवढे होते की त्यांच्यासाठी वेगळं भूत लागलं. बाळंतपणात मरणाऱ्या बायका एवढ्या होत्या की त्यांच्यासाठी वेगळं नाव लागलं. साठी-सत्तरीला, नातवंडं बघून, आपल्या अंथरुणात गेलेल्या म्हातारीचं त्या यादीत वेगळं भूत नाही. वेळेआधी गेलेले आणि कुणाच्या तरी दुर्लक्षाने गेलेले, असेच बहुतेक सगळे त्यात आहेत.

यातली एक हडळ आमच्या घरची.

माझ्या आजीची धाकटी जाऊ, म्हणजे माझी चुलत आजी, पहिल्या बाळंतपणात गेली. पन्नासच्या दशकातली गोष्ट, पावसाळा होता. दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी डोलीत घालून न्यायला निघाले, तर वाटेतला पऱ्या भरून वाहत होता. पलीकडे जाता येईना. डोली तशीच माघारी आणली. रात्री ती गेली, मूलही गेलं. वय अठरा-एकोणीस. मी तिला बघितलेलं नाही. तिचा फोटोही नाही.

लहानपणी आम्हाला तिची आठवण म्हणून सांगायचे ते एवढंच, की विहिरीकडच्या चिंचेखाली तिन्हीसांजेला जायचं नाही, काकी बसलेली असते. आम्ही पोरं घाबरायचो. पुढे मी नोकरीला लागल्यावर एकदा आजीला सरळ विचारलं, "आजी, ती खरंच दिसायची का गो तुला?"

आजी पोफळं सोलत होती. म्हणाली, "दिसायची म्हणजे काय रे, रोज दिसायची. माझ्याच वयाची ती. आम्ही दोघी एकाच वर्षी या घरात आलो." मग जरा वेळाने म्हणाली, "तिला नेली तेव्हा मागून वाटभर राळे टाकत गेले. ती परत यायला लागली की ते वेचत बसते, आणि तोवर उजाडतं. उंबऱ्यात खिळा मारला. ती घरात येऊ नये म्हणून सगळं केलं बघ. तिला लवकर न्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही."

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण मृत्यूचं कारण तिने बरोबर सांगितलं. उशीर.

गंमत अशी, की नमुना नंबर दोनमध्ये बाईच्या मृत्यूसाठी एक खास प्रश्न आहे. मृत्यू गरोदरपणात, बाळंत होताना, किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला का? मास्तरांच्या यादीत हडळीला दहा दिवस दिले होते, सरकारने सहा आठवडे दिले. प्रश्न तोच. फरक एवढाच, की मास्तरांच्या काळात उत्तर 'हो' आलं की राळे आणि खिळे निघायचे. आता उत्तर 'हो' आलं तर त्या मृत्यूची चौकशी व्हावी अशी व्यवस्था आहे. बाई कधी निघाली, वाहन कधी मिळालं, रक्त होतं का, पुढे पाठवायला किती वेळ गेला, हे सगळं विचारायचं. एकेका बाईच्या मरणाबद्दल असं विचारत गेल्यानेही आकडे खाली यायला मदत झाली. २०१८ ते २०२० च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावत होत्या. देशात ९७. केरळात १९. म्हणजे आपण बरंच अंतर आलोय आणि अजून थोडं राहिलंय. आशाताई, नर्सबाई, १०८ ची गाडी, यांच्यामुळे आपल्या वाड्यांमधल्या कितीतरी हडळी झाल्याच नाहीत. त्या बायका आज नातवंडांना शाळेत सोडायला जातात. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही, पण माझ्या मते यापेक्षा मोठी भूतबाधा कुणी उतरवली नसेल.

आता ते 'रात्री घाम सुटला, तोंडाला फेस आला, सकाळी गेला' याच्याकडे येतो.

आपल्या कोकणात लाल विंचू आहे. भाजावळीच्या, कापणीच्या दिवसांत, लाकडं-गवत हलवताना, माडाच्या झापांत हात घालताना चावतो. पूर्वी विंचू चावला की मांत्रिकाकडे. उतरला तर मांत्रिकाचं नाव, नाही उतरला तर नशीब. १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. त्याच्यासमोर धडधाकट माणसं, लहान पोरं, विंचू चावून रात्रीत मरायला लागली. हातपाय गार, दरदरून घाम, उलट्या, मग छातीत पाणी भरून तोंडाला फेस. पुस्तकात यावर नीट उपाय लिहिलेला नव्हता. या माणसाने काय केलं, तर तो पेशंटच्या उशाशी बसून राहिला आणि लिहीत गेला. कधी घाम आला, नाडी कशी होती, दाब कधी वाढला, कधी पडला. ते टिपण १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकाने छापलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध यावर लागू पडतं हे दाखवून दिलं. आधी गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस जात होते, ते प्रमाण एक-दोनावर आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

माझ्या हिशोबी कोकणात मेलेली माणसं 'दिसणारा' माणूस असेल तर तो हा. मेलेल्याकडे पाठ फिरवून राळे टाकत तो पळाला नाही. हा कसा मेला, हे त्याने मेलेल्यालाच विचारलं. आणि मेलेल्याने सांगितलं, त्यातून पुढचा वाचला.

मनोज नाइट श्यामलन हा आपल्याच देशात माहेला जन्मलेला दिग्दर्शक. त्याचा १९९९ चा 'सिक्स्थ सेन्स' ज्यांनी बघितलाय त्यांना आठवेल (बघितला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा). त्यातल्या पोराला मेलेली माणसं दिसतात आणि तो घाबरून अंथरुणात लपतो. डॉक्टर त्याला सांगतो, पळू नकोस, त्यांना काय हवंय ते ऐक. मग एक मेलेली मुलगी त्याला एक व्हिडिओ कॅसेट देते. त्यात दिसतं, की ती आजाराने गेली नव्हती, तिची आईच तिला जेवणातून विष घालत होती. म्हणजे ती मुलगी कशासाठी आली होती? आपल्या मृत्यूचं कारण दुरुस्त करून घ्यायला! तिची धाकटी बहीण अजून त्याच घरात होती. जगातल्या चांगल्या भुताच्या गोष्टी बघा, बहुतेक भुतांना एवढंच हवं असतं. माझं खरं कारण लिहा, आणि मागे राहिलेल्याला वाचवा.

आणि इथेच आपल्या देशाचा हिशोब बघा. नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू देशभरात २०२० साली साडेबावीस टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे चारातले तीन लोक या देशातून गेले आणि ते कशाने गेले हे कुणा डॉक्टरने लिहून दिलं नाही. तो रकाना रिकामा, किंवा 'ताप', 'म्हातारपण', 'अचानक'.

रिकामा रकाना रिकामा राहत नाही, मंडळी. लोक तो भरतात. कारण सांगणारा डॉक्टर नसेल तर कारण सांगणारा भगत असतो. तो सांगतो, करणी आहे. करणी म्हटली की करणारा लागतो. मग बोट कुणाकडे जातं? वाडीतल्या एकट्या बाईकडे. जमिनीचा वाद असलेल्या भावकीकडे. मला नोकरीत हे परत परत दिसलं : भांडण आधीचं असतं, मृत्यू मधे येतो, आणि भगत दोघांची गाठ मारून देतो. पुढे दोन घरांचं पाणी बंद, शिमग्यात पालखी त्या दारात थांबू नये म्हणून बैठका.

सापाचंही तेच. आपल्या रत्नागिरीत फुरसं किती, हे सांगायला नको. फुरसं चावल्यावर माणूस पहिले काही तास बरा दिसतो. हिंडतो, बोलतो, चहा पितो. रक्त गोठायचं बंद झालेलं वरून कळत नाही. तेवढ्या वेळात मांत्रिकाने उतरवला असं सगळ्यांना वाटतं. देशात सर्पदंशाने वर्षाला साधारण ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज घरोघरी जाऊन मृत्यूंची माहिती गोळा करणाऱ्या मोठ्या अभ्यासातून निघाला, वीस वर्षांत जवळजवळ बारा लाख. सरकारी आकडे याच्यापेक्षा कितीतरी कमी होते, कारण बरेच जण दवाखान्यापर्यंत पोचलेच नव्हते. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने राज्यांना पत्र लिहिलं, की सर्पदंशाचा रुग्ण आणि मृत्यू कळवणं सक्तीचं करा. पत्राने लस येत नाही, मान्य. पण आकडा नसेल तर लस मागायची कशाच्या जोरावर?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. वर्षानुवर्षं लटकलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला. ग्रुपवर बरेच जण म्हणतात, हा कायदा देवाधर्माच्या विरोधात आहे. एकदा परिशिष्ट वाचा. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, हे गुन्हे आहेत. अमका करणी करतो म्हणून त्याचं जगणं हराम करणं हा गुन्हा आहे. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन, यांना कायद्याने हातही लावलेला नाही. मी स्वतः व्याडेश्वराला जातो, शिमग्याला पालखी नाचवतो, आणि वर्षाची राखण आजही देतो. राखणदाराला दिलेल्या नारळाने कुणाचं डोकं फुटत नाही.

आता कोण म्हणेल, "म्हणजे तुमच्या मते ज्यांना दिसतं ते खोटं बोलतात." नाही. हे मला ठासून सांगायचंय.

गाव सांगत नाही, काळही सांगत नाही. एका बाईचा नवरा समुद्रात गेला. होडीवर होता. तीन दिवसांनी मिळाला. महिन्याभराने ती सांगायला लागली, की तो पडवीत येऊन बसतो, जाळं विणतो, मी चहा ठेवते. सासरची माणसं घाबरली. एक भगत बोलावायचं ठरलं, जो 'काढायला' वेताची छडी वापरतो हे पंचक्रोशीला माहीत होतं. आशाताईने मला फोन केला, कारण त्या घरातला एक जण दाखल्यासाठी माझ्याकडे यायचा. आम्ही दोघं गेलो. मी कायदा-बियदा काही काढला नाही. सासूला एवढंच विचारलं, "आज्ये, तुला नाय दिसत तो?" म्हातारी गप्प बसली, मग रडायला लागली. म्हणाली, "पहाटे खोकल्याचा आवाज येतो."

त्या घरात महिनाभर दोघी एकाच माणसाला बघत होत्या, ऐकत होत्या, आणि एकमेकींना सांगत नव्हत्या.

वेल्समधल्या एका डॉक्टरने १९७१ साली असाच अभ्यास छापला होता. डेवी रीस त्याचं नाव. त्याने आपल्या भागातल्या जवळपास तीनशे विधवा-विधुरांशी बोलून विचारलं, की गेलेला जोडीदार कधी जाणवतो का. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं. कुणाला नुसतं जवळ असल्यासारखं वाटायचं, कुणाला आवाज यायचा, साधारण सातातल्या एकाला प्रत्यक्ष दिसायचा. बहुतेकांनी हे आधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. लोक हसतील म्हणून. ही वेडी माणसं नव्हती. आपल्या माणसाची सवय लागलेले डोळे-कान होते, ते एका दिवसात सवय सोडत नाहीत.

त्या घरी छडीवाला भगत आला नाही. दोघी दवाखान्यात गेल्या, सुनेला काही दिवस झोपेची गोळी लागली. पण खरं औषध हे, की दोघी त्याच्याबद्दल एकमेकींशी बोलायला लागल्या. आज टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. कुणाच्या घरी असं असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा, मग हा नंबर लावा. छडी कुणाला लावू देऊ नका.

तर ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांना माझं सांगणं असं. कोकणात भुतं आहेत की नाहीत यावर भांडू नका. जी नावं आपण घेतो ती खऱ्या माणसांची आहेत. अडलेल्या बाईची, बुडालेल्या खलाशाची, फुरसं चावलेल्या पोराची. सिनेमावाल्यांनी त्यांच्यावर पैसे कमवले तर कमवू देत. आपण गाववाल्यांनी त्यांच्यासाठी काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंज्या रक्ताच्या माणसालाच दिसतो. पण गाव चालवायचं तर दुसऱ्याच्या घरचा मेलेलाही आपल्याला दिसायला लागतो. पंचायत, दवाखाना, रजिस्टर, हे त्यासाठीच आहे.

म्हणून एक काम सांगतो. येत्या ग्रामसभेत उठा आणि तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी आपल्या गावात किती मृत्यू नोंदले गेले आणि त्यातल्या कितींचं कारण डॉक्टरने लिहून दिलं? आपल्या जवळच्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आज, या क्षणी, किती आहे आणि रात्री ती टोचायला कोण असतं? आणि अडलेली बाई आपल्या शेवटच्या वाडीतून, पावसाळ्यात, चिपळुणाला पोचायला किती वेळ लागतो? घड्याळ लावून सांगा म्हणावं. गुहागर-चिपळूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे, पण वाडी ते डांबरी हा पहिला किलोमीटरच जास्त माणसं खातो, हे आपण सगळे जाणतो.

घरात कुणी गेलं, तर दाखल्याला जाताना कारण नीट सांगा. किती वाजता काय झालं, काय चावलं, किती वेळाने गाडी आली, सगळं. लाज वाटून घेऊ नका, 'ताप लिवा' म्हणू नका. डॉक्टरने बघितलं असेल तर त्याच्याकडून लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

उत्तरं मिळाली की खाली कमेंटमध्ये गावाचं नाव घालून लिहा. मी वही काढून बसलोय. सवय आहे.